चार मिनिटांची दुरुस्ती

"सर, हे दर वेळी नवीन का मागतं?"

मी वळून पाहिलं. उज्ज्वला बोकारे माझ्या खुर्चीमागे उभी होती आणि तिचं बोट माझ्या स्क्रीनवरच्या एका ओळीकडे होतं.

"काय नवीन मागतं?"

"मेमरी. यादीचे दोन तुकडे केले की दोन नव्या जागा मागतं. त्या तुकड्यांचे परत तुकडे केले की परत नव्या जागा. आणि आधीच्या जागा मध्ये कुठेच सोडत नाही. सगळं झालं की एकदम सोडतं."

"तशीच पद्धत असते ती," मी म्हणालो. "तुकडे करायचे, तुकडे लावायचे, मग जोडत आणायचे. मर्ज सॉर्ट म्हणतात."

"हो सर, पद्धत बरोबरच आहे," ती म्हणाली आणि आपल्या जागेवर जाऊन बसली. पुढचं बोलली नाही. मला वाटलं, विषय संपला.

ही २००४च्या जूनअखेरची गोष्ट. नांदेडला वजिराबादेत, एका औषधांच्या दुकानावरच्या मजल्यावर आमची कंपनी होती. माणसं सहा. मालक दिगंबर लाठकर. मी औरंगाबादहून बी. ई. करून आलेलो, चार वर्षांपासून तिथे. खरं प्रोग्रामिंग म्हणतात ते तिथे मी एकटाच करत होतो आणि ते लाठकर साहेब येणाऱ्या प्रत्येक माणसाला सांगत. "हे आमचे देगलूरकर. मशीनच्या पोटात शिरून काम करतात." हे वाक्य मी शंभर वेळा ऐकलं असेल. दर वेळी मान खाली घालून हसायचो, आणि दर वेळी ते पूर्ण होईपर्यंत तिथून हलायचो नाही.

उज्ज्वला नोकरीला लागून तीन आठवडे झाले होते. वय तेवीस, लोह्याजवळच्या एका गावची. शिक्षण डिप्लोमा. तिला छापील फॉर्मांतली माहिती तपासायला घेतलं होतं, कोड लिहायला नाही.

त्या वर्षी आम्हाला पहिल्यांदा मोठं काम मिळालं होतं. दहावीनंतर डिप्लोमाला जाणाऱ्या आमच्या भागातल्या मुलांच्या प्रवेशाच्या याद्या. अडतीस हजार अर्ज. मुलं एका हॉलमध्ये समोर येणार, खिडकीवर प्रमाणपत्रं दाखवणार, गुणक्रमाने नावं पुकारली जाणार आणि ज्याचं नाव येईल त्याने उरलेल्यातली जागा निवडायची. अडचण अशी होती की खिडकीवर एखाद्याच्या प्रमाणपत्राने त्याचा राखीव-खुला गट बदलला की अख्खी यादी नव्याने लावावी लागायची. आणि माझ्या प्रोग्रामला ती लावायला साडेसहा मिनिटं लागत होती.

पहिली दोन मिनिटं तो बरा चालायचा. मग मशीनची मेमरी भरायची, हार्ड डिस्क करकरायला लागायची आणि पडदा गोठायचा. मी साहेबांना सांगितलं होतं की मशीन लहान पडतंय, दुप्पट मेमरीचं घ्यावं लागेल. साहेबांनी मान डोलावली होती. माझ्या शब्दावर ते शंका घेत नसत.

उज्ज्वलाने तो प्रश्न विचारला त्याच्या चौथ्या दिवशी सकाळी साहेबांनी मला आत बोलावलं. उज्ज्वला आधीच तिथे होती. साहेबांच्या टेबलावरच्या मशीनवर माझी यादी उघडलेली होती.

"मुकुंद, हे बघा," साहेब म्हणाले. "दाबा हो बोकारे."

तिने बटण दाबलं. यादी लागली. मी वाट पाहत राहिलो, कारण मला ती लागल्याचं कळलंच नाही.

"झालं?" मी विचारलं.

"झालं," साहेब म्हणाले. "एक सेकंदसुद्धा नाही लागला. याच मशीनवर."

"अर्ज कमी घेतलेत का?"

"अडतीस हजार. मोजून बघा."

मी बघितले. वरचे, खालचे, मधले. सगळे जागेवर होते. समान गुणांची मुलंसुद्धा जन्मतारखेप्रमाणे बरोबर लागली होती.

"काय केलंत तुम्ही?" मी तिला विचारलं. आवाज साधा ठेवायचा प्रयत्न केला.

ती साहेबांकडे न बघता माझ्याकडे बघून बोलायला लागली. "सर, पद्धत तुमचीच आहे. मी फक्त मागणं बंद केलं. माझी आई शाळेत शिकवते. परीक्षा झाली की घरी सगळ्या शाळेच्या उत्तरपत्रिका क्रमाने लावायचं काम असायचं. आई एकच रिकामी चटई अंथरायची. दोन गठ्ठे घ्यायचे, क्रमाने चटईवर उतरवायचे, उचलून परत जागेवर ठेवायचे. मग चटई रिकामी. पुढचे दोन गठ्ठे. कितीही गठ्ठे असले तरी चटई एकच. आपला प्रोग्राम प्रत्येक गठ्ठ्याला नवी चटई विणत होता."

साहेब मोठ्याने हसले. "प्रत्येक गठ्ठ्याला नवी चटई! ऐकलंत का देगलूरकर?"

"आणि अख्खे अर्ज हलवायची पण गरज नव्हती," ती म्हणाली. "नाव, पत्ता, गुण, सगळं उचलून इकडून तिकडे ठेवत होतो. मी अर्ज जागेवरच ठेवले. नुसते त्यांचे क्रमांक हलवले."

तिच्या बोलण्यात फुशारकी अजिबात नव्हती. ती असती तर मला बरं वाटलं असतं.

"छान आहे," मी म्हणालो. "मी हेच करणार होतो पुढच्या टप्प्यात."

ती "हो सर" म्हणाली.

त्या दिवसापासून ऑफिसात फार काही बदललं नाही. तिची खुर्ची दाराजवळून आतल्या भिंतीशी आली, एवढंच. पण साहेब दिवसातून किती वेळा "बोकारे" म्हणतात ते माझ्या मनात आपोआप मोजलं जायला लागलं. कोणी भेटायला आलं की साहेब म्हणायचे, "हे देगलूरकर, आणि या आमच्या बोकारे. यांची ती चटईची गोष्ट ऐकलीत का?" मग गोष्ट. मशीनच्या पोटात शिरण्याचं वाक्य मागे पडलं. एकदा मीच आठवण करून दिल्यासारखं म्हणालो, "साहेब, मूळ सॉर्ट मी लिहिलेला आहे." साहेब म्हणाले, "अहो, ते तर आहेच," आणि परत चटईवर गेले.

मला ती वाईट वागली असती तर हवं होतं. ती सकाळी आली की "नमस्कार सर" म्हणायची. काही अडलं की मलाच विचारायची. विचार करताना चपला टेबलाखाली काढून, डोळे मिटून बसायची आणि डोळे उघडले की लिहायला लागायची. मी तिरक्या नजरेने ते डोळे मिटलेले बघत राहायचो. मला तसं कधी जमलं नाही. मी लिहून, पुसून, परत लिहून पुढे जाणारा माणूस.

तिचा कोड मी रोज वाचायचो. दुसऱ्याचं पत्र चोरून वाचावं तसा, ती जेवायला गेली की. नव्वद ओळी होत्या. त्यात चूक शोधत होतो. आठ दिवस शोधली, सापडली नाही. जे सापडत होतं ते असं की एखादी ओळ वाचून माझ्या तोंडून नकळत "वा" निघायचं, आणि मग दिवसभर त्या "वा"ची चीड यायची.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात तिच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. ती चार दिवसांची रजा घेऊन गावी गेली. ती गेली त्याच दुपारी साहेब प्रवेशाच्या ऑफिसातून आले आणि म्हणाले, "मुकुंद, एका खिडकीवर भागणार नाही म्हणतात. रोज हजार-बाराशे मुलं येणार. दोन खिडक्या करायच्या. जमेल ना?"

"जमेल."

दुसरी खिडकी जोडायला मला दीड दिवस लागला. दोन मशीन, दोन ऑपरेटर, मागे मुख्य संगणक एकच. जोडून झाल्यावर मी दोन्ही खिडक्यांवरून आळीपाळीने याद्या लावून पाहिल्या. बरोबर लागल्या. मग काय वाटलं कोण जाणे, एका हाताने या मशीनचं आणि दुसऱ्या हाताने त्या मशीनचं बटण मी एकदम दाबलं.

पडद्यावर यादी आली. बेचाळिसाव्या क्रमांकावर एक नाव होतं. त्रेचाळिसाव्यावरही तेच नाव होतं.

मी खुर्चीत मागे रेललो. कारण एका क्षणात लक्षात आलं. चटई एकच होती. दोन माणसं एकाच वेळी तिच्यावर आपापले गठ्ठे लावायला बसली होती. एकाचे कागद दुसऱ्याच्या ढिगात गेले होते. काही क्रमांक दोनदा आले होते आणि तितकेच यादीतून नाहीसे झाले होते.

तिने कोड लिहिला तेव्हा खिडकी एक होती. एका खिडकीला तो बिनचूक होता. तरीही त्या दुपारी, रिकाम्या ऑफिसात, मला इतका आनंद झाला की मी उठून खाली गेलो आणि भर उन्हात उसाचा रस प्यायलो.

दुरुस्ती सोपी होती. प्रत्येक यादी लावायला घेताना तिची स्वतःची चटई घ्यायची, तीन-चार ओळींचा बदल. मी तो मनात करूनही पाहिला. मग स्वतःला म्हटलं, कोड तिचा आहे, ती आली की सांगू. परस्पर हात लावणं बरं दिसणार नाही.

हॉलमधली प्रवेशाची फेरी सुरू व्हायच्या आदल्या दिवशी ती आली. आईला पाठवायला खालच्या दुकानातून घेतलेल्या औषधांची पिशवी हातातच होती.

"आई कशी आहे?" मी विचारलं.

"बरी आहे सर. पट्टी काढली. मला बघून म्हणाली, तू किती वाळलीस गं." ती हसली. पिशवी ठेवून मशीन सुरू केलं. "सर, मी नव्हते तेव्हा काही बदललं का?"

"विशेष नाही. एक खिडकी वाढवली. आता दोन आहेत."

"दोन?" ती वळली. "मग माझ्या सॉर्टला काही करावं लागेल का? बघू का एकदा?"

ऑफिसात आम्ही दोघंच होतो. ती उत्तराची वाट बघत होती. तिला फक्त पाच मिनिटं बघू दिलं असतं तर तिला ते दिसलं असतं, याची मला खात्री होती.

"नाही," मी म्हणालो. "मी दोन्ही खिडक्यांवरून तपासलंय. चालतंय. तुम्ही पुकारायच्या यादीचा छपाईचा भाग बघा, तिथे समास चुकतोय."

"बरं सर," ती म्हणाली, आणि छपाईचा भाग बघायला लागली.

पहिला दिवस सुरळीत गेला. दोन्ही बटणं एकाच क्षणी दाबली जाण्याचा योग काही आला नाही. मी हॉलमध्ये मुख्य संगणकाशेजारी बसलो होतो आणि दिवसभर माझं लक्ष त्या दोन ऑपरेटरांच्या हातांवर होतं. संध्याकाळी सामान आवरताना मला हायसं वाटलं, आणि त्याच्याखाली निराशाही वाटली. ती जास्त होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला मायकवर एक नाव पुकारलं गेलं. मुलगा उठला, टेबलाशी गेला, त्याने जागा घेतली. मग परत तेच नाव पुकारलं गेलं. हॉलमध्ये थोडा हशा झाला. पुकारणाऱ्या बाईंना वाटलं आपणच चुकून दोनदा वाचलं. त्या पुढे गेल्या.

मला कळलं. मी उठलो नाही.

पुढे सात-आठ नावं गेली. परत एक नाव दोनदा आलं. खिडकीशी कुजबुज सुरू झाली. मी साहेबांकडे पाहिलं. ते प्रवेश अधिकाऱ्यांशेजारी बसून चहा पीत होते, त्यांच्या अजून लक्षात आलं नव्हतं. उज्ज्वला दुसऱ्या टोकाला प्रिंटरपाशी उभी होती. मी मनात म्हटलं, अजून थोडं. साहेबांना दिसू दे. साहेबांच्या शेजारच्या माणसाला दिसू दे.

तेवढ्यात पहिल्या खिडकीवर एक माणूस आला. डोक्याला रुमाल, अंगात इस्त्री केलेला पांढरा सदरा. मागे त्याची मुलगी, दोन वेण्या घातलेली, छातीशी फाइल धरलेली.

"साहेब, आमच्या मागचे नंबर पुकारायले. आमचं नाव काही आलं नाही हो."

ऑपरेटरने विचारलं, "नाव?"

"मीनाक्षी गंगाराम तोटेवाड. हिमायतनगर. अठ्ठ्याऐंशी टक्के हायेत लेकीला."

ऑपरेटरने यादी वरखाली केली. "नाव नाही यादीत."

"काल तर व्हतं. तिकडं भिंतीवर लावलेलं व्हतं."

"आता नाहीये, काका. नाव नाही म्हणजे अर्ज बाद झाला असेल. कागद कमी असतील. आता काही होत नाही. पुढचे या."

त्या माणसाने मुलीच्या हातातली फाइल आपल्या हातात घेतली आणि दोघं दाराकडे चालायला लागली. मुलीने वळून एकदा त्या मायककडे पाहिलं. मी त्यांच्यापासून पाच हातांवर बसलो होतो. ती दारातून बाहेर पडेपर्यंत मी तिच्या वेण्यांच्या रिबिनी बघत होतो, आणि तोंड उघडलं नाही.

दहाएक मिनिटांनी स्फोट झाला. एका मुलाचे वडील टेबलावर हात आपटून ओरडायला लागले की आमच्यापेक्षा कमी गुणांच्या पोराला जागा दिली. लोक पुढे सरसावले. अधिकारी उभे राहिले. "लाठकर, हे काय चाललंय? थांबवा सगळं!"

साहेब खुर्ची सरकवून उठले. "बोकारे! देगलूरकर!"

उज्ज्वला धावत आली. यादीचा कागद हातात घेऊन तिने एकदा बोट फिरवलं. "सर, नावं दोनदा आलीत. म्हणजे काही गेली पण असणार." आणि ती एकदम ऑपरेटरकडे वळली. "मघाशी ते काका आले होते ना? नाव नाही म्हणून गेले ते? कुठले होते?"

"हिमायतनगर."

"अजून कोणी परत पाठवलंय?"

"नाही, ते एकच."

तिने कागद माझ्यासमोर ठेवला. "सर, तुम्ही मशीन बघा. मी त्यांना आणते." आणि गेली. गर्दीतून वाट काढत, ओढणी सावरत, धावत. आपल्या कोडकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

मी खुर्ची पुढे ओढली. तिची फाइल उघडली. थेट त्या ओळीवर गेलो. चार ओळी लिहिल्या, प्रोग्राम नव्याने तयार केला, यादी लावली. नावं तपासली. एकही दोनदा नव्हतं.

"झालं," मी म्हणालो.

साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "झालं? खरंच?" मग ते अधिकाऱ्यांकडे वळून म्हणाले, "साहेब, चार मिनिटं! घड्याळ लावून बघितलंय मी. हे आमचे देगलूरकर. मशीनच्या पोटात शिरून काम करतात."

किती दिवसांनी ते वाक्य ऐकलं. मी मान खाली घातली.

चुकीने दिलेल्या जागा परत घेऊन सकाळच्या नावांपासून पुकारा पुन्हा सुरू झाला. मीनाक्षी तोटेवाडचं नाव आलं. एकदा पुकारलं, दोनदा पुकारलं. साहेब अधिकाऱ्यांच्या कानाशी लागले. नियमाप्रमाणे तिसऱ्यांदा पुकारून पुढे जायचं असतं. अधिकारी म्हणाले, "पाच मिनिटं थांबू. चूक तुमची आहे म्हणून थांबतोय." पाच मिनिटं गेली, अजून पाच गेली. हॉलमधली माणसं चुळबुळ करायला लागली. मला दाराकडे बघवत नव्हतं आणि दुसरीकडेही बघवत नव्हतं.

मग ऑटोचा आवाज आला. उज्ज्वला आधी आत आली. तिची एक चप्पल तुटलेली होती, ती तिने हातात धरली होती. तिच्या मागे तो माणूस आणि ती मुलगी.

"गाडी स्टँडाबाहेर निघाली होती," ती धापा टाकत साहेबांना म्हणाली. "कंडक्टरला आडवी गेले."

मुलगी टेबलाशी गेली. तिने इलेक्ट्रॉनिक्सची जागा मागितली. मिळाली. बापाने सही करताना दोनदा पेन पुसलं. मग वळून तो उज्ज्वलाच्या पाया पडायला वाकला, तशी ती घाईने मागे सरकली. "अहो काका, काय करताय! चूक आमचीच होती."

साहेब उत्साहात तिला सांगत होते, "बोकारे, तुम्ही गेलात आणि इकडे देगलूरकरांनी कमाल केली. चार मिनिटांत दुरुस्ती. कुठे होती म्हणे गडबड?"

"ती रिकामी जागा," मी म्हणालो. "दोन्ही खिडक्यांत एकच होती."

"हो," ती म्हणाली. "असणारच." आणि मग साहेबांना विचारलं, "किती मिनिटं म्हणालात?"

"चार! घड्याळ लावून."

तिने माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग चप्पल दुरुस्त करायला पिन मिळते का ते बघायला ती गेली.

संध्याकाळी पाचला त्या दिवसापुरती फेरी संपली. मी वायरी गुंडाळत होतो. ती दुसऱ्या टोकाने गुंडाळत जवळ आली.

"सर, मी ऑटोत बसून विचार करत होते," ती हळू आवाजात म्हणाली. "चूक कुठे असेल म्हणून. पाच जागा धरल्या होत्या मनात. छपाई, गट बदलायचा भाग, तुमचा खिडकीचा भाग, माझा गुणांच्या तुलनेचा भाग, आणि ती चटई. तुम्ही किती जागा पाहिल्यात?"

मी वायर गुंडाळत राहिलो.

"दुरुस्तीला चार मिनिटं लागतात सर. मलाही तेवढीच लागली असती." तिने आपल्या हातातली वायर माझ्या हातात दिली. "पण शोधायला वेळ लागतो ना. तुम्ही शोधलंच नाही."

मला काहीतरी बोलायचं होतं. जे तोंडात आलं ते असं, "अनुभव असतो, बोकारे."

"हो सर," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी हॉलवर जायच्या आधी साहेबांनी आम्हाला दोघांना आत बोलावलं. वरून लेखी खुलासा मागवला होता. मी मसुदा तयार केला होता. त्यात लिहिलं होतं की नवीन कर्मचारी श्रीमती उ. बोकारे यांनी लिहिलेला भाग दोन खिडक्यांसाठी योग्य नव्हता, ही त्रुटी वरिष्ठ कर्मचारी श्री. मु. देगलूरकर यांनी तत्काळ शोधून दूर केली. साहेबांनी तो मोठ्याने वाचला. मग चष्मा काढून म्हणाले, "बोकारे, मला एकच विचारायचंय. दुसरी खिडकी झाली हे तुम्हाला सांगितलं होतं ना?"

ती आता सांगणार. मी विचारलं होतं, सर नाही म्हणाले, असं सांगणार. तिने तसं सांगावं असं मला त्या क्षणी अगदी मनापासून वाटत होतं, कारण मग मला स्वतःहून काही बोलायची वेळ येणार नव्हती.

"हो," ती म्हणाली. "सरांनी सांगितलं होतं."

ते खरंच होतं. साहेब माझ्याकडे वळले. मी काही बोललो नाही.

"मग तुमच्याकडून बघायचं राहिलं," साहेब म्हणाले. रागाने नाही, उदास होऊन.

"राहिलं," ती म्हणाली. तिने मसुदा पुढे ओढून वाचला. "साहेब, यात एक बदल करू का? इथे लिहिलंय की अर्ज एकमेकांत मिसळले. अर्ज मिसळले नाहीत. ते जागेवरच होते, नुसते क्रमांक मिसळले. असं लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटेल कोणाचा तरी अर्जच गहाळ झाला. मुलांच्या घरचे घाबरतील."

तिने ते वाक्य नीट करून लिहिलं. बाकी एकाही शब्दाला हात लावला नाही. खाली सही केली.

ऑगस्टअखेर तिने नोकरी सोडली. हैदराबादला काम मिळालं म्हणाली. निघताना सगळ्यांना पेढे दिले, मलाही दिला. "येते सर," म्हणाली. ती गेल्यावर तिची खुर्ची परत दाराजवळ नेली गेली आणि साहेब हळूहळू ती चटईची गोष्ट सांगेनासे झाले. मला वाटलं होतं की आता मोकळं वाटेल. पण तिने साहेबांना काहीच सांगितलं नाही, याचाच मला हेवा वाटत राहिला. मी तिच्या जागी असतो तर सांगितलं असतं.

तो प्रोग्राम पुढे बरीच वर्षं चालला. २०१५ साली तो बंद करून नवा करायचं ठरलं, तेव्हा अझहर नावाच्या आमच्या एका इंजिनिअरला मी जुना कोड वाचायला दिला. दुसऱ्या दिवशी तो लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आला.

"सर, बाकीचं ठीक आहे, पण हा सॉर्टचा भाग! एक जागा फुकट मागत नाही. त्या काळात, त्या मशीनवर. हे कोणी लिहिलं?"

मी त्या नव्वद ओळींकडे पाहिलं. त्यातल्या चार माझ्या होत्या.

"आम्ही दोघांनी," मी म्हणालो.

"दुसरे कोण होते?"

"होत्या एक. बोकारे म्हणून."

"भारी आहे सर," तो म्हणाला आणि आपल्या जागेवर जाऊन बसला. त्याचं टेबल माझ्या शेजारीच होतं. हळू आवाजात हाक मारली असती तरी त्याला ऐकू गेली असती.